लिनक्स टाकलं, आता ब्राउझर कोणता? नाशिकच्या नवशिक्यांसाठी

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि चांगली चालणारी कितीतरी मशीनं एका दिवसात ‘जुनी’ ठरली. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं, इंटेलचा प्रोसेसर असेल तर तो साधारण आठव्या पिढीपासून पुढचा लागतो. अंबड-सातपूरच्या वर्कशॉपमधला बिलिंगचा पीसी, कॉलेज रोडच्या क्लासमधले लॅपटॉप, मुक्त विद्यापीठातून पदवी करणाऱ्या घरातलं एकमेव मशीन, यांपैकी बऱ्याच ठिकाणी ते नसतं. मग ओळखीतलं कोणीतरी लिनक्स मिंट किंवा उबंटू टाकून देतं आणि तासाभरात फोन येतो, “दादा, ह्यात क्रोम दिसत नाही. इंटरनेट कुठून चालू करू?”

हा लेख त्या फोनचं सविस्तर उत्तर आहे. माझं मत आधीच सांगून टाकतो. कोणता ब्राउझर भारी, यावर वाद घालत बसू नका. त्याआधी एवढंच विचारा, की या ब्राउझरचं अपडेट माझ्या मशीनवर कोण आणून देणार आणि किती लवकर? ब्राउझर हा कॉम्प्युटरमधला सगळ्यात उघड्यावर बसलेला प्रोग्राम. बँक त्यातच, आधार त्यातच आणि भलत्यासलत्या साइटही त्यातच. त्यातली भोकं महिन्या-पंधरा दिवसांनी बुजवली गेली नाहीत तर बाकीच्या सोयींना काही अर्थ नाही.

शास्त्रशुद्ध बोलायचं तर लिनक्स हे युनिक्स या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या वळणाने बांधलेलं आहे, तर फ्रीबीएसडी आणि ओपनबीएसडी ही बर्कलीच्या युनिक्सची थेट वंशावळ. ब्राउझर निवडताना मात्र सगळ्यांचे प्रश्न जवळपास तेच. इथली बहुतेक उदाहरणं मिंट आणि उबंटूची आहेत, बीएसडीवाल्यांसाठी शेवटाकडे दोन परिच्छेद आहेत.

आधी मशीन ओळखा

मिंटच्या मेनूत ‘सिस्टिम इन्फर्मेशन’ शोधा, उबंटूत सेटिंग्जमधलं ‘अबाउट’ उघडा. तीन गोष्टी कागदावर लिहून घ्या: सिस्टिम ६४-बिट आहे की ३२-बिट, रॅम किती आहे आणि सिस्टिमची आवृत्ती कोणती.

३२-बिट निघालं तर निवडीला फारशी जागाच उरत नाही. गुगलने ३२-बिट लिनक्ससाठी क्रोम देणं मार्च २०१६ मध्ये थांबवलं. फायरफॉक्सनेही २०२५ च्या अखेरीस, १४५ व्या आवृत्तीपासून, ते सोडून दिलं. पण लगेच हात टेकू नका. पुष्कळदा प्रोसेसर ६४-बिटचा असतो आणि टाकून देणाऱ्याने ‘जुनं मशीन आहे’ म्हणून ३२-बिटची सिस्टिम टाकलेली असते. अगदी कोअर टू ड्युओसुद्धा ६४-बिट चालवतो. अशा वेळी ब्राउझर शोधण्यात दिवस घालवण्यापेक्षा सिस्टिम पुन्हा टाकून घेतलेली बरी.

आवृत्तीही तितकीच महत्त्वाची. उबंटूची एलटीएस (दीर्घ मुदतीची) आवृत्ती पाच वर्षं सांभाळली जाते. २०.०४ ची ही नेहमीची मुदत मे २०२५ मध्ये संपली. मशीनवर तीच असेल तर आधी सिस्टिम नवी करा, मग पुढचं वाचा. पाया खचलेला असताना वर कुठलाही ब्राउझर ठेवून उपयोग नाही.

रॅम ४ जीबी असेल तर काम भागतं, फक्त पंधरा-वीस टॅब उघडे ठेवायची सवय सोडावी लागते. ८ जीबी असेल तर हा विषयच विसरा.

मग कामं लिहून काढा

‘इंटरनेट वापरतो’ हे उत्तर चालणार नाही. निफाडकडच्या द्राक्षबागायतदाराची यादी अशी असते: डिजिटल सहीचा सातबारा काढणे, बँक, हवामान, यूट्यूब. अंबडच्या कारखानदाराची वेगळी: जीएसटी, टेंडर, व्हॉट्सॲप वेब, गिऱ्हाइकाने पाठवलेली ड्रॉइंगची पीडीएफ. विद्यार्थ्याचं महाडीबीटी, परीक्षेचे फॉर्म, व्हिडिओ लेक्चर, रात्री एखादी वेब सिरीज.

याद्या कितीही वेगळ्या असल्या तरी त्यातली बहुतेक कामं कुठल्याही चालू ब्राउझरमध्ये होतात. अडतात ती तीन: यूएसबी टोकनवरची (पेनड्राइव्हसारख्या उपकरणातली) डिजिटल सही, पैसे भरून पाहायचे व्हिडिओ आणि व्हिडिओ मीटिंग. तुमच्या यादीत या तिन्हींपैकी काही असेल तर त्याखाली रेघ मारून ठेवा. पुढची निवड त्यावर ठरते.

कुठून आणायचा

विंडोजची सवय अशी, की गुगलवर नाव टाकायचं, वर जे पहिलं येईल त्यावर क्लिक करायचं, फाइल उतरवायची, नेक्स्ट-नेक्स्ट करायचं. इथे ही सवय सोडा. एकतर उतरवलेली एक्सई फाइल लिनक्सवर चालत नाही, आणि वर दिसणारा पहिला निकाल जाहिरात असू शकतो. कांद्याचं उळं आपण ओळखीच्याच माणसाकडून घेतो, कारण फसवणूक कळेपर्यंत हंगाम गेलेला असतो. ब्राउझरचंही तसंच समजा.

पहिली आणि बहुतेकांना पुरेशी वाट म्हणजे सिस्टिमचं स्वतःचं भांडार. मिंटमध्ये ‘सॉफ्टवेअर मॅनेजर’, उबंटूत ‘ॲप सेंटर’. मिंट आणि उबंटूत फायरफॉक्स आधीच टाकलेला असतो, डेबियनच्या (उबंटू ज्यावर बेतलेलं आहे त्या लिनक्सच्या) डेस्कटॉपवर त्याची ईएसआर आवृत्ती असते. ईएसआर म्हणजे वर्षभर जवळपास तसाच राहणारा आणि फक्त सुरक्षेच्या दुरुस्त्या घेणारा फायरफॉक्स. ज्यांना बटणं जागची हललेली आवडत नाहीत, उदाहरणार्थ घरातल्या आजोबांना, त्यांना हाच द्या.

उबंटूत एक गोम आहे. २२.०४ पासून तिथला फायरफॉक्स ‘स्नॅप’ नावाच्या बंद डब्यातून येतो. टर्मिनलमधून नेहमीच्या पद्धतीने मागवला तरी स्नॅपच हातात पडतो. जुन्या हार्ड डिस्कवर तो पहिल्यांदा उघडायला वेळ घेतो आणि सिस्टिमच्या इतर फोल्डरांत त्याला मोकळेपणाने हात घालता येत नाही. सुरक्षेसाठी हे चांगलंच आहे, पण डिजिटल सहीच्या टोकनला तेच नडतं. आणखी एक गोष्ट नवख्याला घाबरवते. कोपऱ्यात एक सूचना येते, की फायरफॉक्सचं अपडेट थांबलं आहे, व्यत्यय नको असेल तर ॲप बंद करा, १३ दिवस उरले. लोक समजतात की कसली तरी मुदत संपतेय आणि आता पैसे मागतील. तसं काही नाही. ब्राउझर पूर्ण बंद करा, दोन-पाच मिनिटं थांबा, परत उघडा. झालं.

स्नॅप नको असेल तर मोझिलाने जानेवारी २०२४ पासून उबंटू-डेबियनसाठी फायरफॉक्सचं स्वतःचं एपीटी (साध्या पॅकेजांचं) भांडार सुरू केलं आहे. ते जोडायच्या आज्ञा मोझिलाच्या मदत-पानावर आहेत, तिथूनच घ्या. कोणाच्या व्हिडिओखालून उचलू नका. मिंटवाल्यांना ही खटपटच नाही, कारण मिंटने २०२० पासून स्नॅपला दाराबाहेर ठेवलं आहे आणि फायरफॉक्स साध्या पॅकेजात येतो.

दुसरी वाट कंपनीची. गुगलच्या साइटवरून क्रोमची डेब फाइल (उबंटू-मिंटवर चालणारं पॅकेज) उतरवून टाकली, की ती गुगलचं भांडारही सिस्टिममध्ये जोडून देते. पुढची अपडेट्स मग बाकीच्या सिस्टिमबरोबर आपोआप येतात. एज, ब्रेव्ह आणि विवाल्डीसुद्धा आपापली भांडारं चालवतात.

तिसरी वाट फ्लॅटपॅक, म्हणजे फ्लॅटहब नावाचं सामायिक भांडार. तिथे पॅकेज कोणी बनवलं आहे ते पाहायला विसरू नका. फायरफॉक्सचं पॅकेज खुद्द मोझिला ठेवते आणि त्यावर पडताळणीची खूण असते. तिथलं क्रोम मात्र गुगलने ठेवलेलं नाही, स्वयंसेवकांनी बांधलेलं आहे. मिंट २२ पासून सॉफ्टवेअर मॅनेजर असली न पडताळलेली पॅकेजं मुळात दाखवतच नाही, आणि मला ते पटतं.

भांडारात आहे म्हणून प्रत्येक ब्राउझर सारखाच सांभाळला जातो असंही नाही. डेबियनच्या प्रकाशन-टिपांत स्पष्ट लिहिलेलं असतं, की सर्वसाधारण वापरासाठी फायरफॉक्स किंवा क्रोमियम घ्या. बाकीच्या बऱ्याच ब्राउझर-इंजिनांना डेबियनचं सुरक्षा पथक दुरुस्त्या पुरवत नाही. फाल्कन हा ब्राउझर दिसायला सुबक आहे, हलका आहे, पण त्याचं क्यूटी-वेबइंजिन अशाच इंजिनांत येतं. म्हणून डेबियनवर बँकेचं काम त्यात करू नका.

नावं पन्नास, इंजिनं तीन

ब्राउझरांची यादी पाहून गोंधळू नका. आत इंजिनं मोजून तीन. फायरफॉक्स आणि त्याची भावंडं गेको इंजिनवर चालतात. क्रोम, क्रोमियम, ब्रेव्ह, विवाल्डी, एज आणि ऑपेरा हे सगळे ब्लिंकवर. तिसरं वेबकिट. ते ॲपलच्या सफारीत असतं आणि लिनक्सवर गनोमच्या ‘वेब’ या ब्राउझरमध्ये सापडतं.

थोडं विषयांतर करतो. हे सगळं युनिक्सच्या अंगणातलंच आहे. टिम बर्नर्स-ली यांनी १९९० मध्ये पहिला ब्राउझर लिहिला तो नेक्स्ट कंपनीच्या मशीनवर, आणि त्यावरची सिस्टिम युनिक्सच होती. १९९३ चा मोझॅक आधी युनिक्सच्या एक्स विंडोवर आला, विंडोजवर नंतर. पुढे लिनक्सच्या केडीई डेस्कटॉपमध्ये कॉन्करर ब्राउझर आला. त्याच्या केएचटीएमएल इंजिनातून ॲपलने वेबकिट काढलं आणि २०१३ मध्ये गुगलने वेबकिटमधून ब्लिंक वेगळं केलं. तेव्हा “लिनक्सवर क्रोमसारखं काही आहे का?” असं कोणी विचारलं की गंमत वाटते.

व्यवहारात याचा उपयोग एवढाच: एखादी साइट ब्रेव्हमध्ये चालत नसेल तर विवाल्डी टाकून पाहण्यात हशील नाही, इंजिन तेच. दुसऱ्या इंजिनाचा ब्राउझर उघडून पाहा.

दोन ठेवा

म्हणून मी सगळ्यांना जोडी सांगतो. रोजच्या वापराला फायरफॉक्स आणि अडलेल्या कामाला ब्लिंकवाला एक.

फायरफॉक्स रोजचा का? तो सिस्टिमबरोबर येतो, तिच्याबरोबर अपडेट होतो, आणि त्यात यूब्लॉक ओरिजिन हे जाहिराती अडवणारं एक्स्टेन्शन पूर्ण ताकदीने चालतं. क्रोमने २०२४-२५ मध्ये एक्स्टेन्शनांची जुनी पद्धत बंद केली आणि तिथे त्याची ‘लाइट’ नावाची कमी ताकदीची आवृत्तीच उरली. मला हा फरक मोठा वाटतो. जाहिराती कमी झाल्या की ४ जीबीचं मशीन हलकं होतं, आणि निकालांच्या डोक्यावर बसलेली बनावट ‘बुकिंग’ किंवा ‘कस्टमर केअर’ साइटही बऱ्याचदा दिसेनाशी होते.

जोडीला कोण? वर ज्या कामांखाली रेघ मारली त्यावर ठरवा. पैसे भरून पाहायचे व्हिडिओ असतील तर क्रोम घ्या. त्यात वाइडवाइन हे अशा व्हिडिओंचं कुलूप (डीआरएम) उघडणारं अंग आधीच बसवलेलं असतं. फायरफॉक्समध्येही ते आहे, फक्त सेटिंग्जमध्ये ‘डीआरएम’च्या चौकटीवर टिचकी मारावी लागते. भांडारातल्या क्रोमियममध्ये सहसा ते नसतं. क्रोमियम म्हणजे क्रोमचा उघडा, मुक्त गाभा. गुगलने मार्च २०२१ मध्ये त्याची सिंकची सोय काढून घेतली, त्यामुळे मोबाइलच्या क्रोममधले बुकमार्क त्यात येत नाहीत. ते नको असतील तर क्रोमियम उत्तम. मिंट स्वतः बांधून देतं, डेबियनही देतं. उबंटूत तोही स्नॅपमधून येतो.

ब्रेव्हमध्ये जाहिराती अडवायची सोय घरचीच आहे, पण क्रिप्टोचं वॉलेट आणि रिवॉर्ड्सची बटणं पहिल्याच दिवशी लपवून टाका. विवाल्डी ऑपेराच्या माजी प्रमुखाने काढला. टॅबांचे गठ्ठे, आतच मेल, हजार सेटिंग्ज. हौशी माणसाचा ब्राउझर. एज लिनक्सवर नोव्हेंबर २०२१ पासून स्थिर आवृत्तीत मिळतो. कंपनीचं सगळं काम मायक्रोसॉफ्टच्या खात्यावर असेल तर ठेवा, एरवी गरज नाही. लिब्रवुल्फ हे फायरफॉक्सचं भावंड लोक कौतुकाने सुचवतात, पण तो बंद केला की कुकीज पुसतो आणि दर सकाळी सगळीकडे पुन्हा लॉगिन करावं लागतं. नवशिक्याच्या घरात दोन दिवसांत कटकट सुरू होते.

ब्राउझर फार जुना ठेवून साइट चालवायचा मोह मात्र टाळा. “आमचं जुनं पोर्टल जावा ॲपलेटवर चालायचं, फायरफॉक्सची जुनी आवृत्ती टाकून द्या” असं अजूनही ऐकू येतं. क्रोमने ते प्लगइन २०१५ मध्ये आणि फायरफॉक्सने मार्च २०१७ मध्ये सोडले. इंटरनेट एक्सप्लोरर जून २०२२ मध्ये निवृत्त झाला. पोर्टल आजही त्यावरच अडून बसलं असेल तर दोष तुमच्या लिनक्सचा नाही.

हलक्या ब्राउझरचा भ्रम

“जुनं मशीन आहे, हलका ब्राउझर द्या.” देता येतात. डिल्लो १९९९ पासून आहे, काही एमबीत मावतो, पण त्यात जावास्क्रिप्टच नाही. म्हणजे बँक नाही, महाडीबीटी नाही, यूट्यूब नाही. लिंक्स (Lynx) हा ब्राउझर तर नुसता अक्षरांचा. कॅन्सस विद्यापीठात १९९२ मध्ये जन्मलेला आणि अजून चालू. सर्व्हरवर काम करताना तो कामाला येतो, घरच्या वापराला नाही.

अडचण ब्राउझरच्या वजनाची कमी आणि पानांच्या वजनाची जास्त आहे. तेव्हा फायरफॉक्सच ठेवा आणि ओझं उतरवा. यूब्लॉक टाका. न लागणाऱ्या टॅबवर उजवी टिचकी मारून ‘अनलोड टॅब’ करा, ही सोय १४० व्या आवृत्तीपासून आहे. क्रोममध्ये ‘मेमरी सेव्हर’ चालू करा. यूट्यूबला पंखा घोंगावत असेल आणि चित्र अडखळत असेल तर कारण बहुधा वेगळं असतं. यूट्यूब व्हीपी९ किंवा एव्ही१ या नव्या पद्धतीत व्हिडिओ पाठवतं, जुनं ग्राफिक्स ते उलगडू शकत नाही आणि सगळा भार प्रोसेसरवर येतो. ‘एच२६४इफाय’ नावाचं छोटं एक्स्टेन्शन यूट्यूबकडून जुन्या एच.२६४ पद्धतीचा व्हिडिओ मागवतं. जुन्या लॅपटॉपवर याचा फरक लगेच कळतो. फेडोरा हे लिनक्स वापरणाऱ्यांनी त्याआधी आरपीएम फ्युजन भांडारातून कोडेक (व्हिडिओ उलगडणारे भाग) टाकून घ्यावेत, नाहीतर एच.२६४ लाच अडचण येईल.

मराठी नीट दिसायला आणि लिहायला

ॲड्रेस पट्टीत नाही, एखाद्या साध्या लिहायच्या चौकटीत हे टाइप करून पाहा: ‘वाऱ्यावर, दुसऱ्या, ॲप, ऑर्डर, श्री, क्षेत्र’. ‘वाऱ्यावर’मधला र डोळ्याच्या पापणीसारखा वळला पाहिजे. ‘ॲप’च्या जागी चौकोन किंवा ठिपक्यांचं वर्तुळ आलं तर फॉन्ट जुना आहे. भांडारातून नोटो किंवा लोहित देवनागरी टाका आणि ब्राउझर बंद करून उघडा.

फायरफॉक्समध्ये इथे एक छान सोय आहे. सेटिंग्जमध्ये फॉन्टच्या ‘ॲडव्हान्स्ड’ बटणामागे लिपीनुसार फॉन्ट निवडता येतो. तिथे ‘देवनागरी’ निवडा, आपल्याला आवडणारा फॉन्ट द्या आणि किमान आकार थोडा वाढवा. सरकारी पानांवरची बारीक मराठी अक्षरं वाचणाऱ्या वडीलधाऱ्यांना याचा फार उपयोग होतो. फायरफॉक्सची सगळी बटणंही मराठीत करता येतात, त्यासाठी मराठी भाषेचं पॅकेज भांडारात आहे.

लिहायला दोन वाटा. इंग्रजी अक्षरांतून मराठी उमटवायची सवय असेल तर आयबस आणि त्याचं एम१७एन हे पॅकेज टाका. हे बहुतेक ठिकाणी चालतं, पण बंद डब्यातल्या किंवा वेलँडवर (पडद्यावर खिडक्या दाखवायच्या लिनक्सच्या नव्या पद्धतीवर) चालणाऱ्या ब्लिंकवाल्या ब्राउझरमध्ये कधीकधी रुसतं. इनस्क्रिप्ट येत असेल तर कीबोर्डच्या सेटिंग्जमधून थेट मराठीचा लेआउट जोडा. तो सिस्टिमच्या पातळीवर असल्याने ब्राउझर कोणताही असो, अक्षर उमटतंच. एखाद्याची जुनी मराठी फाइल फॉर्ममध्ये चिकटवल्यावर इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसला तर ब्राउझरला बोल लावू नका, ती युनिकोडच्या आधीच्या फॉन्टातली आहे.

टोकन, सही आणि सातबाऱ्याची पीडीएफ

जीएसटीत प्रोप्रायटर असाल तर मोबाइलवर येणाऱ्या ओटीपीवर काम होतं आणि हा भाग सोडून द्या. कंपनी किंवा एलएलपी असेल तर डिजिटल सही लागते. टोकन विकणाऱ्याला आधी विचारा, की ६४-बिट लिनक्सचा ड्रायव्हर आहे का, आणि पोर्टलचं सही करणारं छोटं ॲप लिनक्ससाठी मिळतं का. दोन्ही उत्तरं ‘हो’ असतील तर ड्रायव्हर टाका, मग फायरफॉक्सच्या सेटिंग्जमध्ये ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’खाली ‘सिक्युरिटी डिव्हायसेस’ उघडून ‘लोड’ दाबा आणि ड्रायव्हरची फाइल दाखवा. हे स्नॅपमधल्या फायरफॉक्सला सहसा जमत नाही, साधं पॅकेज लागतं. एकही उत्तर ‘नाही’ आलं तर रिटर्नच्या शेवटच्या दिवशी प्रयोग करू नका. सहीपुरतं विंडोजचं एक मशीन ठेवा किंवा सीएच्या ऑफिसात करून घ्या.

डिजिटल सहीचा सातबारा उतरवला की ब्राउझरमध्ये उघडतो, छापताही येतो, पण सही खरी की खोटी हे ब्राउझर तपासत नाही. तपासायचं असेल तर केडीईचा ओक्युलर हा पीडीएफ-वाचक टाका. तो सह्या ओळखतो आणि त्यासाठी प्रमाणपत्रांचा साठा चक्क तुमच्या फायरफॉक्समधून घेतो. भारतीय मूळ प्रमाणपत्र त्यात नसेल तर सही ‘अनोळखी’ दिसेल. ते प्रमाणपत्र सरकारच्या सीसीएच्या (डिजिटल सह्यांवर देखरेख करणाऱ्या कार्यालयाच्या) साइटवरून घेऊन फायरफॉक्समध्ये भरावं लागतं.

पहिल्याच दिवशी करायच्या गोष्टी

क्रोम पहिल्यांदा उघडल्यावर एक करडी चौकट मध्येच येते आणि ‘कीरिंग’चा पासवर्ड मागते. हा गुगलचा पासवर्ड नाही, वायफायचाही नाही. क्रोम तुमचे साठवलेले पासवर्ड सिस्टिमच्या तिजोरीत ठेवतो, तिची ही किल्ली. एरवी लॉगिन करतानाच ती तिजोरी उघडते, पण मशीन पासवर्डशिवाय थेट चालू होईल असं ठेवलं असेल तर ती बंदच राहते. लोक वैतागून रिकामा पासवर्ड देतात आणि चौकट कायमची जाते, पण मग पासवर्ड कुलपाविना पडून राहतात. त्यापेक्षा लॉगिनला पासवर्ड लावा.

फायरफॉक्स असं काही विचारत नाही, आणि म्हणूनच तिथे ‘प्रायमरी पासवर्ड’ आपण होऊन लावायचा. नाहीतर मशीनसमोर बसलेला कोणीही सेटिंग्जमध्ये जाऊन सगळे पासवर्ड वाचू शकतो. वर्कशॉपमध्ये, जिथे एकाच पीसीवर चौघांचे हात फिरतात, तिथे तर हे हवंच.

‘मागची पानं पुन्हा उघडा’ ही खूण करून ठेवा, दिंडोरी-निफाडकडे लाइट गेली तर फॉर्मचं पान तरी सापडेल. साइटना सूचना पाठवायची परवानगी मागण्यापासूनच रोखणारी चौकट सूचनांच्या सेटिंग्जमध्ये आहे, तीही लावा. ‘तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस’ अशा ज्या सूचना कोपऱ्यात येतात, त्या बहुतेक वेळा कधीतरी चुकून ‘अलाउ’ दाबल्यामुळे येतात.

विंडोज अजून पुसलेलं नसेल तर तिकडून बुकमार्क एचटीएमएल फाइलमध्ये आणि पासवर्ड सीएसव्हीत काढून आणा. इकडे भरून झाले की ती सीएसव्ही लगेच पुसा. त्यात सगळं उघड्या अक्षरांत असतं.

बीएसडीवाल्यांसाठी

गुगल फ्रीबीएसडीसाठी क्रोम देत नाही, फायरफॉक्स आणि क्रोमियम दोन्ही पॅकेजांत मिळतात. फ्रीबीएसडी मुळात तिमाही भांडार वापरतो. ब्राउझर ताजा हवा असेल तर ‘लेटेस्ट’ शाखेवर या. पैसे भरून पाहायच्या व्हिडिओंची आशा इथे फार धरू नका.

ओपनबीएसडीवर नवखा माणूस हमखास एका ठिकाणी अडतो: अपलोडच्या चौकटीत स्वतःचं ‘डॉक्युमेंट्स’ फोल्डर रिकामं दिसतं. फाइली गेलेल्या नसतात. तिथल्या फायरफॉक्स आणि क्रोमियमला अनव्हेल या सोयीने ‘डाउनलोड्स’ आणि एखाद-दुसऱ्या जागेपुरतंच बांधून ठेवलेलं असतं. अपलोड करायची फाइल आधी ‘डाउनलोड्स’मध्ये नक्कल करा, मग निवडा.

अपडेट येतंय का, ते पाहायचं कसं

मेनूत ‘हेल्प’ आणि त्यात ‘अबाउट’. तिथला आवृत्तीचा आकडा कागदावर तारखेसह लिहा. साधा फायरफॉक्स साधारण दर चार आठवड्यांनी आकडा बदलतो. ईएसआरमध्ये मोठा आकडा वर्षभर तोच राहतो, टिंबानंतरचा बदलतो. महिना-दीड महिन्याने पुन्हा पाहा. बदलला असेल तर सगळं जागच्या जागी आहे. तसाच असेल तर अपडेट मॅनेजर उघडा, बहुधा तिथे लाल खूण कित्येक दिवसांपासून बसलेली असते. ती दाबून, पासवर्ड देऊन, होऊ द्या.

कधीकधी अपडेट येऊनही ब्राउझर जुनाच चालू राहतो, कारण तो बंदच केलेला नसतो. फायरफॉक्स अशा वेळी नव्या टॅबमध्ये साइट उघडायचं नाकारतो आणि ‘पुन्हा सुरू करा’ एवढंच बटण दाखवतो. अर्धा भरलेला फॉर्म असेल तर तो आधीच्या टॅबमध्ये पूर्ण करून पाठवा, आणि मगच ते बटण दाबा.